चिकित्सक विचार, कृतियुक्त अध्ययन आणि गटकार्य : शिक्षक आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदांत, पालकसभांत आणि मधल्या सुट्टीत चहा घेताना गेली काही वर्षे जे प्रश्न माझ्यापुढे पुन्हा पुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना प्रामुख्याने मराठी माध्यमाचे पाचवी ते दहावीचे वर्ग डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

१. चिकित्सक विचार म्हणजे नेमके काय? मुले उलट बोलायला शिकतील, अशी भीती वाटते.

मराठीत एखाद्याला ‘फार चिकित्सक आहे हो’ असे म्हटले, की ती बहुधा प्रशंसा नसते. मंडईत वांगे दहा वेळा उलटसुलट करून पाहणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. वर्गात अपेक्षित असलेला अर्थ मात्र वैद्याच्या चिकित्सेला जवळचा आहे. वैद्य लक्षणे पाहतो, एकाच लक्षणामागे दोन-तीन कारणे असू शकतात हे धरून चालतो, विचारपूस करून त्यांतली काही बाद करतो आणि औषध लागू पडले नाही तर निदान बदलण्याची तयारी ठेवतो. विद्यार्थ्यानेही हेच करायचे असते. एखादे विधान समोर आले की ते कोण करत आहे, कशाच्या आधारावर करत आहे, दुसरे स्पष्टीकरण शक्य आहे का, आणि माझे स्वतःचे मत चुकीचे असेल तर ते मला कशावरून कळेल, असे चार प्रश्न त्याला पडले पाहिजेत. यांतला चौथा सर्वांत अवघड, कारण तो दुसऱ्याला विचारून भागत नाही. उलट बोलण्याशी याचा संबंध नाही. प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हणणारा मुलगा प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणणाऱ्या मुलाइतकाच कमी विचार करत असतो.

२. कृतियुक्त अध्ययन आणि सहकार्यात्मक अध्ययन यांत फरक काय?

पहिल्यात विद्यार्थी ऐकण्यापलीकडे काहीतरी करतो: भाकीत लिहितो, मोजतो, जुळवतो, समजावून सांगतो. दुसऱ्यात तो हे इतरांबरोबर करतो, आणि त्याचे काम इतरांच्या कामावर खरोखर अवलंबून असते. एकट्याने वहीत तर्क लिहिणारी मुलगी कृतियुक्त अध्ययन करत असते. गटात बसून फळ्यावरचे उतरवून घेणारी चार मुले यांपैकी काहीच करत नसतात.

३. ही पाश्चात्त्य कल्पना आपल्या शाळांवर लादली जात आहे का?

तंत्रांची काही नावे बाहेरून आली आहेत, हे खरे. परंतु प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्याच ताकदीने मांडायचे आणि मगच त्याचे खंडन करायचे, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची शिस्त आपल्या शास्त्रचर्चेत फार जुनी आहे. तिचे दार सर्वांना उघडे नव्हते, हा तिचा मोठा दोष. आणि महात्मा फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले तेव्हा भोळ्या शेतकरी जोडप्याला प्रश्न विचारायला शिकवणारी विद्या हाच त्याचा विषय होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले, पुढे ते अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडला गेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेण्याचा प्रयोग तिथे झाला. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ पासून तीस वर्षे चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गावच्या शाळांतली मुले गटांनी प्रयोग करून स्वतः निष्कर्ष लिहीत असत.

अलीकडचे उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटाचे. तिथले ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतःच्या अनुभवातून घडवते असे मानून चालणारे, वर्ग पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक गेले आणि जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर तो शब्द घरोघरी पोहोचला. एक खंत मात्र नोंदवावीशी वाटते. अनेक ठिकाणी त्या वर्गांतली रंगीत रेखाटने तेवढी फरशीवर आली. रंगारी येऊन गेला, छायाचित्रे काढून झाली आणि शिक्षकाचे प्रश्न जुनेच राहिले. डी.एड., बी.एड.ला आपण स्वतः ज्ञानरचनावाद पाठ करून लिहिला, तेव्हा यात नवल ते काय!

४. मुलांना गटात बसवले की ती विचार करू लागतात का?

नाही, आणि या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचावे. बाक समोरासमोर लावणे हे फर्निचरचे काम झाले. दोर ओढणाऱ्या माणसांची संख्या वाढवली की प्रत्येकाचा जोर कमी होतो, असे माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत दाखवले होते. सहा जणांच्या गटात तेच घडते: एक जण लिहितो, एक जण सांगतो, बाकीचे चौघे पेनाची टोपणे बदलतात.

यावर मला सापडलेला उपाय साधा आहे आणि तो टाळला की सगळे बिघडते. गटात तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने आपले उत्तर आणि त्याचे एक कारण स्वतःच्या वहीत लिहिलेले असले पाहिजे. मी मुलांना ‘आधी वही, मग शेजारी, मग वर्ग’ असे सांगतो. याच क्रमाची पद्धत अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली होती. लिहिलेले उत्तर ही त्या मुलाची उघड भूमिका होते. ती सोडायची तर कारण शोधावे लागते आणि टिकवायची तरी कारण शोधावेच लागते. न लिहिता चर्चेला बसलेला मुलगा, हुशार मुलाने उत्तर सांगितल्यावर ‘मलाही तेच वाटत होते’ असे म्हणतो, आणि त्याला खरोखरच तसे वाटते.

दुसरी अट प्रश्नाची. ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत आहे, त्यासाठी गट करणे म्हणजे चौघांनी मिळून एक पान उलटणे.

५. असा एखादा तास प्रत्यक्षात कसा दिसतो?

मेणबत्तीचा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. पसरट ताटलीत कुंकू घातलेले पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढते. ‘ऑक्सिजन जळून गेला आणि त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन एक-पंचमांश असतो हे यावरून सिद्ध होते’ हे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या दिले जात आहे. मीही ते अनेक वर्षे दिले.

आठवीच्या वर्गात मी हा प्रयोग करून दाखवला, हे स्पष्टीकरण फळ्यावर लिहिले आणि एकच प्रश्न विचारला: ग्लास तोच ठेवून एका मेणबत्तीऐवजी तीन लावल्या, तर पाणी तेवढेच चढेल, जास्त चढेल, की कमी? प्रत्येकाने भाकीत आणि कारण वहीत लिहायचे, खाली रेघ मारायची, म्हणजे मागाहून खाडाखोड करता येत नाही. बहुतेकांनी ‘तेवढेच’ असे लिहिले, आणि त्यांचा तर्क बिनचूक होता: ग्लासातली हवा तेवढीच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. मग शेजाऱ्याला पटवण्यासाठी तीन मिनिटे दिली.

तीन मेणबत्त्या लावल्या आणि पाणी स्पष्टपणे जास्त चढले. वर्गात कल्ला झाला. तो मी थांबवला नाही. मग चौघाचौघांच्या गटांना ताटल्या दिल्या आणि काय, कधी घडते ते पाहून लिहायला सांगितले. दोन गोष्टी बहुतेक गटांनी टिपल्या. ग्लास ठेवतानाच कडेने बुडबुडे बाहेर येतात, आणि पाणी मेणबत्ती जळत असताना फारसे चढत नाही, विझल्यानंतर एकदम चढते. ऑक्सिजन संपत जाण्यामुळे पाणी चढत असते, तर ते जळत असतानाच हळूहळू चढायला हवे होते. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावून काही बाहेर निघून जाते आणि विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, इथपर्यंत दोन गट स्वतःच्या पायांनी पोहोचले. बाकीच्यांना थोडे बोट धरावे लागले.

परंतु त्या तासातला सर्वांत मोलाचा क्षण वेगळाच होता. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘सर, तीन मेणबत्त्यांनी जागासुद्धा जास्त व्यापली ना? मग पाणी त्यामुळेच वर दिसत नसेल कशावरून?’ हा आक्षेप माझ्या टाचणात नव्हता. मी तिलाच उलट विचारले, की हे तपासायचे कसे. शेजारच्या मुलाने सुचवले, तीनही मेणबत्त्या ठेवू आणि एकच पेटवू. तसे केले, पाणी तीन पेटवल्या होत्या त्यापेक्षा खाली राहिले. आक्षेप योग्य होता, त्याची तपासणी झाली आणि तो मागे घेतला गेला. चिकित्सक विचाराची व्याख्या मला कोणी विचारली, तर मी ही चार मिनिटे सांगतो.

६. चांगला प्रश्न कसा ओळखावा?

ज्या प्रश्नाला वर्गात निदान दोन प्रामाणिक उत्तरे मिळतील आणि ज्यांतून निवड करायला काही पुरावा हाती असेल, तो चर्चेला योग्य. ‘शेकडेवारी म्हणजे काय?’ या प्रश्नावर चर्चा होऊ शकत नाही. ‘दुकानदाराने किंमत आधी २० टक्के वाढवली आणि नंतर २० टक्के सूट दिली, तर गिऱ्हाईक, दुकानदार की कोणीच नाही, फायदा कोणाचा?’ यावर सहावीचा वर्ग हमरीतुमरीवर येतो, कारण ‘जैसे थे’ हे उत्तर डोळ्यांना इतके पटते, की १०० चे १२० आणि १२० चे ९६ होताना पाहूनही काही जण पुन्हा आकडेमोड करतात.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहणे हे दुसरे कौशल्य, आणि ते अधिक कठीण. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करून १९७० च्या दशकात दाखवले, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. ती वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली, की उत्तरे लांबतात, न बोलणारी मुले बोलू लागतात आणि ‘येत नाही’ म्हणणे कमी होते. वाचताना तीन सेकंद काहीच वाटत नाहीत. वर्गात उभे राहून मनात ‘एक, दोन, तीन’ मोजून पाहावे. पहिल्या दिवशी जीव कासावीस होतो.

७. आमच्या वर्गाची पटसंख्या साठच्या घरात आहे आणि बाक हलत नाहीत. तिथे काय करणार?

जोड्या. बाक हलवावा लागत नाही, गोंधळ आटोक्यात राहतो आणि दोघांत लपायला जागा नसते. चौघे हवेच असतील, तर पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून बसावे. पर्यायी उत्तरांचा प्रश्न फळ्यावर लिहून प्रत्येकाला छातीशी बोटे धरून मत द्यायला सांगावे, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून कोणी बोट बदलत नाही. मग शेजाऱ्याशी बोलून पुन्हा मत घ्यावे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर १९९० च्या दशकारंभापासून मोठ्या व्याख्यानवर्गांत हेच करत आले आहेत, आणि आपल्याकडे त्याला पाच बोटांपलीकडे कोणतेही साहित्य लागत नाही.

एक आग्रहाची सूचना: रोज करू नये. साठ मुलांच्या वर्गात आठवड्यातून दोन तासांत दहा-दहा मिनिटे नेटकेपणाने झाली, तर ती रोजच्या गलक्यापेक्षा किती तरी बरी.

८. एकच हुशार मुलगा सगळे काम करतो. बाकीचे ऐकत राहतात. विशेषतः मुली बोलत नाहीत.

काम असे वाटावे, की हुशार मुलालाही इतरांकडून काही घ्यावेच लागेल. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे वर्ग एकत्र झाले आणि तणाव वाढला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जी पद्धत बसवली, तिचा पाया हाच आहे. धड्याचे चार तुकडे करायचे आणि गटातल्या प्रत्येकाला एकच द्यायचा. एकच तुकडा मिळालेली निरनिराळ्या गटांतली मुले आधी एकत्र बसून तो नीट समजून घेतात आणि मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवतात. गटातल्या ज्या मुलाकडे कोणी पाहत नव्हते, त्याच्याकडेच आता चौथा तुकडा असतो. त्याला ऐकल्यावाचून सुटका नाही. आपल्या वर्गांतल्या जातीच्या, वस्तीच्या आणि मुलगा-मुलगी या रेषा ज्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही पद्धत परकी वाटू नये.

मुलींच्या बाबतीत माझा अनुभव असा, की त्यांना बोलायचे नसते असे नाही. त्या बोलू लागेपर्यंत कोणीतरी मुलगा बोलून मोकळा होतो. गटाचे म्हणणे कोण मांडणार हे चर्चा संपल्यावर चिठ्ठी काढून ठरवावे. कोणाचेही नाव निघू शकते हे कळले, की गट आपल्यातल्या अबोल मुलीलाही तयार करतो. गटप्रमुख मात्र नेमू नये. गटप्रमुख म्हणजे छोटा मॉनिटर, आणि मॉनिटरपुढे कोणी मोकळेपणाने चुकत नाही.

९. मुले गटात बोलीभाषेत बोलतात. ते चालू द्यावे का?

अवश्य चालू द्यावे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोरमाटी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला विचार आणि प्रमाण मराठी ही दोन ओझी एकाच वेळी उचलायला लावली, तर ते विचाराचे ओझे खाली ठेवते, कारण भाषेची चूक लगेच दिसते आणि विचाराची दिसत नाही. गटात घरची भाषा, वहीत जमेल तशी लेखनाची भाषा, आणि शब्द अडला तर तो सगळ्यांनी मिळून शोधायचा.

१०. इतिहास आणि भाषेच्या तासाला हे कसे जमेल? तिथे प्रयोग नसतो.

तिथे साधन असते, आणि साधनाची उलटतपासणी हाच प्रयोग. नववीच्या वर्गात मी विष्णुभट गोडसे वरसईकरांच्या ‘माझा प्रवास’मधला झाशीचा भाग वापरतो. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये यज्ञानिमित्त दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाला, १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा गावात होता, आणि त्याने हे सारे लिहिले मात्र सुमारे पंचवीस वर्षांनी; पुस्तक छापले गेले १९०७ मध्ये. मुलांना उतारा देऊन वहीत दोन रकाने आखायला सांगतो: ‘लेखकाने स्वतः पाहिले’ आणि ‘लेखकाने ऐकले’. पाच मिनिटांत कोणीतरी तिसरा रकाना मागते: ‘सांगता येत नाही’. तो मी आधी कधीच आखून देत नाही. त्याची गरज त्यांनाच पडावी लागते. त्यानंतर प्रश्न येतो, की पंचवीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणीत कशावर अधिक विश्वास ठेवावा: तारखांवर, संवादांवर, की भीतीच्या आणि भुकेच्या वर्णनावर? दरवर्षी वर्ग दुभंगतो, आणि दोन्ही बाजूंना उताऱ्यात बोट ठेवून दाखवावे लागते.

भाषेच्या तासाला कवितेचा अर्थ सांगून मोकळे होण्याची घाई टाळली, तरी अर्धे काम होते.

११. मग पाठांतर बंद करायचे का?

मुळीच नाही. विचार करायला डोक्यात काही असावे लागते. ज्याला हवा तापल्यावर प्रसरण पावते हे माहीत नाही, त्याला मेणबत्तीचे कोडे गटात बसूनही सुटणार नाही. चिकित्सक विचार हे कोणत्याही विषयाला लावता येईल असे सुटे अवजार नाही. बुद्धिबळात चार चाली पुढचे पाहणारा मुलगा औषधाच्या जाहिरातीला सहज भुलू शकतो. म्हणूनच ‘विचारकौशल्याचा तास’ असा वेगळा तास वेळापत्रकात घालण्याला माझा विरोध आहे. पाढे पाठ हवेत, सनावळीचा सांगाडा हवा, कविताही पाठ हव्यात. दुसऱ्याचे मत पाठ करून ते स्वतःचे म्हणून लिहिणे, ही घोकंपट्टी तेवढी नको.

१२. बोर्डाच्या परीक्षेचे काय? तिथे गुण उत्तराला मिळतात, विचाराला नाही.

मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ हा घटक आहे. उद्देश उत्तम आहे: उताऱ्यावर विद्यार्थ्याने स्वतःचे मत मांडावे. पण त्या स्वमताची तयार उत्तरे गाईडमध्ये छापून येतात, मुले ती पाठ करतात आणि एकाच शब्दांतली चाळीस ‘स्वतःची मते’ तपासणाऱ्याच्या टेबलावर येतात. दोष मुलांचा नाही. चुकण्याची किंमत त्यांना ठाऊक आहे. माझ्या वर्गात स्वमताच्या प्रश्नाला एक जोडअट असते: ‘तुमच्या मताशी सहमत नसणारा माणूस काय म्हणेल, हेही दोन ओळींत लिहा.’ गाईडमध्ये या दोन ओळी नसतात. ज्याने त्या वर्षभर लिहिल्या, त्याला परीक्षेत उरलेल्या ओळी सुचतात.

गुणांच्या काळजीबद्दल एक पुरावा देता येतो. महाविद्यालयीन विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर कृतियुक्त अध्ययनाच्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. तो अभ्यास महाविद्यालयांचा आहे, आपल्या दहावीचा नव्हे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा.

१३. अशाने अभ्यासक्रम पूर्ण होईल का?

सगळे धडे अशा पद्धतीने घेतले, तर होणार नाही. मी वर्षारंभी प्रत्येक विषयातले पाच-सहा असे घटक निवडतो, की ज्यांत मुलांचे गैरसमज पक्के असतात किंवा ज्यांच्यावर पुढचे बरेच काही उभे असते. त्यांना वेळ देतो आणि बाकीचे सरळ खडू-फळ्याने शिकवतो. नीट समजावून सांगणे ही कमी दर्जाची गोष्ट आहे, असे मला वाटत नाही.

१४. ‘सर काही शिकवतच नाहीत, मुलांनाच बोलायला लावतात’ अशी पालकांची तक्रार येते.

अशी तक्रार मुलेही करतात, आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांना आपण जास्त शिकलो असे वाटले. चाचणीत मात्र गटात झगडलेले विद्यार्थी पुढे होते. ओघवते व्याख्यान ऐकताना वक्त्याचे आकलन आपलेच वाटू लागते. स्वतः झगडताना आपले अज्ञान टोचत राहते. म्हणून जूनमधल्या पहिल्याच पालकसभेत मी मुलांची वही दाखवतो: सुरुवातीचे चुकीचे भाकीत, मारलेली रेघ आणि खाली बदललेले मत. चुकीचे उत्तर तसेच का ठेवले, असे एखादी आई विचारतेच; उत्तर द्यायला तिच्याच मुलाला उभे करतो.

१५. गटकार्याचे मूल्यमापन कसे करावे?

गटाला एक आणि सर्वांना समान गुण देऊ नयेत. न केलेल्या कामाचे गुण मिळाले, की उरलेल्यांचा न्यायावरचा विश्वास उडतो. काम गटात करावे, गुण मात्र प्रत्येकाने नंतर एकट्याने लिहिलेल्या चार-पाच ओळींना द्यावेत. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आखलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे शिकणे चालू असतानाच होणाऱ्या मूल्यमापनाची, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने दिलेली आहेत. यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. नोंदवहीत ‘चर्चेत सहभाग घेतो’ हे वाक्य पन्नास नावांपुढे लिहिण्यापेक्षा रोज तिघांचीच खरी नोंद करावी: ‘आक्षेप घेतला, पण कारण दिले नाही’, ‘मैत्रिणीचे म्हणणे तिच्यापेक्षा स्पष्ट मांडले’, ‘मत बदलले, का ते सांगितले’. महिन्याभरात सगळा वर्ग होतो.

१६. मुले श्रद्धा, रूढी, राजकारण यांवर प्रश्न विचारू लागली, तर शाळेने काय करावे?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याबरोबरच मुलाला भीतीपासून मुक्त करून मोकळेपणाने मत मांडायला मदत करण्याचा उल्लेख आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी यांचा विकास तर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून नागरिकाचे मूलभूत कर्तव्यच आहे. तेव्हा प्रश्न दडपण्याचा अधिकार शाळेला नाही. तरीही मी दोन मर्यादा पाळतो. कोणत्याही मुलाच्या घरातला देव, सण किंवा आहार वर्गात तपासणीसाठी मांडायचा नाही. आणि माझे स्वतःचे राजकीय मत मुलांपुढे ठेवायचे नाही, कारण शिक्षकाचे मत कळले की अर्ध्या वर्गाचे विचार करणे तिथेच थांबते. ‘अमावस्येला अपघात जास्त होतात का?’ असे विधान मात्र बिनदिक्कत घ्यावे. ते मोजता येते, आणि मोजायचे कसे यावर एक सुरेख तास होतो.

१७. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला आले नाही, तर?

‘मला माहीत नाही, उद्या पाहून सांगतो’ असे म्हणावे, आणि उद्या सांगावे.

१८. मुले मोबाइलवरून तयार उत्तरे आणतात. मग गटचर्चेला काय अर्थ राहतो?

आणू द्यावीत; ती तपासणे हेच गटाचे काम ठरवावे. ‘युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवले’ हा संदेश खोटा असूनही वर्षानुवर्षे फिरत आहे. सातवीच्या गटांना मी तो देतो आणि विचारतो, की ही स्पर्धा झाली कधी, परीक्षक कोण, दुसरे-तिसरे कोण आले. तिसऱ्या प्रश्नापाशी मुले हसू लागतात. यंत्राने लिहून दिलेल्या सफाईदार उत्तरालाही हीच कसोटी लावावी: यातले कोणते वाक्य आपण स्वतः पडताळून पाहू शकतो आणि कसे? घरी लिहून आणलेल्या मजकुरावर गुण देणे मी थांबवले आहे. वर्गात, माझ्यासमोर, रेघ मारून लिहिलेले भाकीत पुरेसे बोलके असते.

१९. पालकांनी घरी काय करावे?

‘आज शाळेत काय शिकवले?’ याऐवजी ‘आज कोणाशी तुझे पटले नाही, आणि का?’ असे विचारून पाहावे. बाजारात ‘एकावर एक मोफत’ आणि ‘सरसकट ४० टक्के सूट’ यांतले काय घ्यावे, हे मुलाला ठरवू द्यावे. दुसरी वस्तू लागणारच नसेल तर हिशेब कसा बदलतो, हेही त्यालाच सांगू द्यावे. आणि त्याने आपल्याशी वाद घालताना नीट कारण दिले, तर अधूनमधून हार मानावी. हे तिसरे काम आजोबांना सर्वांत जड जाते, असे एका पालकसभेत मला हळूच सांगण्यात आले होते.

२०. सोमवारपासून सुरुवात करायची असेल, तर नेमके काय करू?

पुढच्या आठवड्यातला असा एक घटक निवडावा, ज्यात मुले दरवर्षी तीच चूक करतात. ती चूक आणि बरोबर उत्तर अशी दोन्ही फळ्यावर लिहावीत, कोणते बरोबर ते सांगू नये. दोन मिनिटे वहीत, तीन मिनिटे शेजाऱ्याशी, मग चिठ्ठी काढून चार नावे. खडू खाली ठेवावा आणि मनात तीनपर्यंत मोजावे.